फोटो चिकटवलेली सीडी

सीडी आत गेली आणि संगणक असा किंचाळला की साधनाच्या हातातली रिकामी डबी खाली पडली.

आधी घरघर, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज, मग नुसतं टक्, टक्. पडद्यावर चौकट उमटली : ड्राइव्हमध्ये डिस्क टाका.

"टाका म्हणते," तिचा धाकटा भाऊ राजदीप म्हणाला. "मंग आतली कुठं गेली वं ताई?"

आतली म्हणजे आई. मथुराबाई महागाव तालुक्यात गावोगावच्या जयंतीला भीमगीतं गायच्या. पुसदच्या एका स्टुडिओवाल्यानं कधीकाळी त्यांची सीडी काढली होती. पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि कुजबुज तेवढी उरली. घरात मोबाइल आला तोवर टिपून ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. स्टुडिओ बंद पडला. वाटलेल्या सीड्या लोकांनी पाखरं हाकलायला शेतात टांगल्या. ही एकच घरात राहिली होती. आता आईही गेली होती; उद्या तिचं पुण्यानुमोदन. वंदना झाल्यावर मंडपात तिचीच गाणी लावायची ठरली होती. मंडपवाल्याला पेनड्राइव्ह हवा होता, म्हणून हा खटाटोप.

साधनाची भीती मात्र गाणी हरवण्याहून खोल होती आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. आईचा तो जुना आवाज तिला आठवत नव्हता. शब्द आठवत, चाली आठवत. पण कानाशी यायची ती कुजबुजच.

राजदीपनं बटण दाबलं. ट्रे बोटभर बाहेर आला, अडखळला आणि परत आत गेला.

"चिमट्यानं ओढू काय?"

"हात लावू नको! बंद कर. प्लग काढ."

"काहून?"

"फिरता फिरता तुकडे होतील तिचे."

प्लग निघाला. आतली टकटक थांबली, आणि त्या शांततेची साधनाला जास्तच धास्ती वाटली. बटणाखाली एक बारीक भोक होतं. वीज नसताना ट्रे उघडायची सोय तिथं असते, हे तिला कुठंतरी वाचलेलं आठवलं. मागं उभ्या नंदा मावशीनं ब्लाउजची सेफ्टी पिन काढून दिली, ती जाड निघाली. मग कागदांची यू-पिन सरळ करून साधनानं ती भोकात घातली. आत काहीतरी दबलं. ट्रे नखभर पुढं सरकला. तिनं तो दोन्ही हातांनी हळूहळू ओढला.

सीडीवरून आई तिच्याकडं पाहत होती.

"राजू, हे काय आहे?"

राजदीपनं मान खाली घातली. "मीच लावला काल. उद्याच्या पत्रिकेतला कापून, डिंकानं. गायकाईच्या सीडीवर फोटो असतेच ना. आईची काय उघडीबोडकी ठेवाची?"

"आणि असा एका बाजूला?"

"मधात भोक हाय. आईच्या तोंडाले भोक कसं पाडू मी?"

साधनाला रागावताही येईना. एका अंगाला भार, त्यात कागदाचा कोपरा सुटून वर घासलेला. ती तबकडी आत हेलकावे खात फिरली होती.

"तं काढून टाक ना," मावशी म्हणाली. "कोमट पाणी लाव, सुटते."

साधनानं सीडी खिडकीशी धरली. गाणी खालच्या चकचकीत बाजूला असतात असं लोकांना वाटतं; ती असतात वरच्या चंदेरी पापुद्र्यात, ज्यावर आता आईचा फोटो बसला होता. जिथं कोपरा सुटला होता तिथून टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार आला.

"चांदी निघाली," ती म्हणाली. "फोटो ओढला तर गाणी त्याच्यासंगं निघतील."

राजदीप खालीच बसला. "मीच घालवली ना वं आईले?"

"चूप. कात्री आण. आणि दुसरी पत्रिका."

सुटलेला कोपरा तिनं कापला. कात्री आईच्या कानाजवळून खांद्यापर्यंत गेली. तेवढा वेळ तिनं श्वास घेतला नाही. मग दुसऱ्या पत्रिकेतला फोटो तेवढाच, तसाच कापून समोरच्या अंगाला चिकटवला.

"दोन दोन मथुरा!" मावशी म्हणाली. "तराजू हाय काय वं हा?"

"तराजूच आहे, मावशी. दोन्हीकडं सारखं वजन पाहिजे."

डिंक पंख्याखाली खडखडीत वाळू दिला. मावशी चहा ठेवायला आत गेली. प्लग लागला, ट्रे आत गेला. राजदीपनं हात कानांवर ठेवले.

या वेळी किंचाळी आली नाही. जरा खरखर झाली, मग संथ घूं असा आवाज लागला. पडद्यावर गाण्यांची नावं उतरली.

"लाव ना ताई, ऐकू."

"आधी उतरवून घे. ऐकायला दुसरी संधी मिळेल याचा भरवसा नाही."

हिरवी पट्टी सरकत राहिली. एकेक गाणं संगणकात येत होतं. शेवटच्या गाण्यावर पट्टी थबकली. टक्. टक्. शेवटची गाणी कडेला असतात, नेमकी फोटोखाली.

"अजून एकडाव पाहू?"

"नाही. बाहेर काढ."

"ताई, शेवटचं हाय ते!"

"काढ म्हटलं ना. फुटली तर हेही राहणार नाही."

सीडी सुखरूप बाहेर आली. तिनं ती डबीत ठेवली. उतरवलेलं खरंच उतरलं की नाही, हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. माउसवर बोट ठेवून ती तशीच बसून राहिली. आवाज आला आणि ओळखूच आला नाही तर?

शेवटी तिनं पहिल्या गाण्यावर बोट दाबलं. थोडी खसखस झाली, पेटीचा एक सूर निघाला आणि मग एक भरदार, जराशी वैतागलेली बाई बोलली, "थांबा जी! मले पाणी तं पिऊ द्या आधी."

ही कोण बाई? क्षणभर साधनाला काहीच कळेना.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. नंदा मावशी पाण्याचा गिलास घेऊन लगबगीनं बाहेर आली.

"घे वं बाई," ती म्हणाली, आणि तो कोणाच्या हातात द्यायचा हे न कळून दारातच उभी राहिली. मागं पेटी पुन्हा वाजू लागली होती.