उजव्या गुडघ्याची पट्टी

मित्रांनो, मी जुनी आहे, मोडकी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या अंगावर आता फाटक्या जाळ्या आणि झेंड्यांच्या काठ्या टाकल्या आहेत आणि येणारा-जाणारा मला अडगळ समजतो. मी मालिशची खाट आहे. खालच्या लीगमधल्या एका फुटबॉल क्लबच्या खेळाडूंनी आयुष्यभर माझ्यावर पाठ टेकली. राजालासुद्धा दमल्यावर आडवं व्हावंच लागतं, तेव्हा माझी पायरी ओळखून बोला.

मला एका सुताराने घडवलं. हाताने पक्का, डोक्याने अर्धा. खेळाडू पालथा झोपला की त्याला श्वास घेता यावा म्हणून उशाशी एक गोल भोक पाडायचं होतं. त्याने ते स्वतःच्या तोंडाच्या मापाने पाडलं, आणि तो होता चिमणीएवढ्या तोंडाचा. पहिल्याच दिवशी आमच्या गोलकीपरचं डोकं त्यात अडकलं. दोघांनी पाय ओढले, तिसऱ्याने तेल ओतलं. मग मालिशवाल्या मामांनी कानस घेऊन भोक मोठं केलं आणि वर मऊ गादी बसवली. सगळा क्लब त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणते.

आमची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या बरोबर खाली होती. खिडकीची काच धुरकट. गरम पाण्याची वाफ छताला जाऊन चिकटायची आणि थेंब होऊन सावकाश खाली यायची. मैदान मी जन्मात पाहिलं नाही. ते भिंतीच्या पलीकडे होतं. पण तेलाचा हात फिरायला लागला की भलेभले गडी अर्ध्या झोपेत जायचे आणि भोकात तोंड घालून काहीबाही पुटपुटायचे. त्या पुटपुटण्यातून मी माझं एक मैदान विणलं. हिरवं, पाण्यासारखं हलणारं. त्यावर माणसं धावायची, पण पाय वाजायचे नाहीत.

खालच्या लीगचा खेळाडू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. खेळून पोट भरणारा, पण पुरतं न भरणारा. मोसम संपला की कुणी भिंती रंगवायचा, कुणी व्हॅन चालवायचा. दर वर्षी नवा करार होईल की नाही, याची धाकधूक. टीव्हीवर कुणी त्यांना बघत नव्हतं. पण स्वप्नं मात्र सगळ्यांची एकाच मापाची. प्रत्येकाला एकदा तरी वरच्या लीगमध्ये उतरायचं होतं.

त्यांच्यातला एक माझा लाडका. बचावात खेळायचा, उंच, रुंद, म्हणून त्याला सगळे भिंत म्हणायचे. मिसरूड फुटायच्या वयात आला आणि इथेच राहिला. झोपेत तो एकच सांगायचा. वरच्या लीगचं मैदान इतकं सारखं असतं म्हणे, की चेंडू लांबवर जातो आणि मध्ये कुठेच उडत नाही. आमच्या मैदानात चेंडू बेडकासारखा जायचा. त्याला एकदाच, फक्त एकदाच, त्या सपाट गवतावर उभं राहायचं होतं.

मग एका सामन्यात त्याचा डावा गुडघा मुरगळला. थोडा बरा झाला, पण पुरता नाही. आणि खालच्या लीगमध्ये एक वाईट खोड आहे. कुणाचा पाय दुखरा आहे हे कळलं, की समोरचे बरोबर तिथेच लाथ घालतात. रेफरी एकटा, डोळे दोनच, कुठे कुठे बघणार?

मामा पट्टी घेऊन आले. म्हणाले, "उजवा पुढे कर."

"मामा, दुखतोय डावा."

"मला शिकवतोस? पट्टी दिसते तिथे लाथ बसते. बसू दे उजव्यावर. धडधाकट आहे तो."

कोपऱ्यात मोजे घालत बसलेला गोलकीपर हसून लोळला. "वा मामा! दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!"

"तू गप. आणि तू रे, मैदानात जाताना उजव्याने लंगड. थोडंच. नाटक कंपनीत नाही घ्यायचंय तुला."

मित्रांनो, ही युक्ती चालली, अशी चालली की विचारू नका. समोरचे येऊन मुकाट उजव्या गुडघ्यावर लाथा घालायचे आणि भिंत हूं की चूं न करता उभा राहायचा. आमच्या खोलीत अळीमिळी गुपचिळी. सामना झाला की मामा डाव्या गुडघ्याला गरम तेल लावायचे, शेकायचे, तळहाताने चोळायचे. लाडावलेल्या धाकट्यासारखे त्याचे चोचले. उजवा बापडा बाजूला पडून राहायचा. त्याला कोण विचारतो? तो धडधाकट ना!

असे मोसम गेले. भिंतीचं लग्न झालं, कानाजवळचे केस पांढरे झाले. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी तो माझ्यावर चढताना आधी उजवा गुडघा टेकायचा. आताशा आधी डावा टेकायला लागला आणि उजवा पाय हाताने उचलून वर ठेवायचा, पाहुण्याची पेटी ठेवावी तसा. मामा तोवर पाठ फिरवून तेल गरम करत असायचे. मी काय सांगणार? माणसाला तोंड असतं, माझ्या तोंडाच्या जागी भोक आहे.

अखेर तो दिवस आला. मोसमातला शेवटचा सामना. जिंकलो तर सगळा संघ वरच्या लीगमध्ये जाणार होता. डोक्यावर पायऱ्या भरू लागल्या होत्या आणि पावलांचा आवाज समुद्रासारखा वर-खाली होत होता. मामांनी नेहमीप्रमाणे उजव्याला पट्टी बांधायला हात लावला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"अरे, हा सुजलाय. कधीपासून?"

"सूज कालची. दुखतोय मात्र दोन वर्षं."

"आणि बोलला नाहीस?"

"पट्टी तर त्यालाच बांधत होतात, मामा. म्हटलं, आता खरीच उपयोगी पडतेय."

मामा हसले नाहीत. खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उजव्या गुडघ्याला तेल लावलं. मग पट्टी उचलली आणि डाव्याला बांधली. "हा आता ठणठणीत आहे. बसू दे चार लाथा. फार लाड झाले."

पुढचं मी गोलकीपरच्या तोंडून ऐकलं. समोरचा धिप्पाड गडी पट्टी बघून गोंधळलाच. इतकी वर्षं उजवीकडे होती, आज डावीकडे कशी? खरा दुखरा कुठला? तो विचार करत उभा राहिला, आणि भिंत त्याच्या पायातून चेंडू काढून गेला. माझ्यापर्यंत फक्त आवाज आला. छताला चिकटलेले वाफेचे थेंब हादरून एकदम गळाले, आणि मला कळलं की आपण जिंकलो.

खोलीत हा गोंधळ! भिंत मात्र सरळ माझ्यावर येऊन पालथा पडला. प्रशिक्षक धावत आले. "पहिलं नाव तुझंच देतोय! वरच्या लीगमध्ये आधी डॉक्टर तपासतात म्हणे. मामा, तेवढं सांभाळून घ्याल ना?"

मामा हळूच म्हणाले, "डावा पुढे करू. सांगू, दुखायचा तो हाच, आता बरा झालाय. कुणाला कळणार?"

भिंतीचं तोंड माझ्या भोकात होतं. मला त्याचं ते मैदान दिसलं, सपाट, हिरवं, वाऱ्याने अलगद हलणारं, आणि त्यावर कुठेच न उडणारा चेंडू. इतकं जवळ होतं की हात लावावा. माझ्याखालच्या फरशीवर एक थेंब पडला. तो वाफेचा नव्हता.

"नको मामा," तो म्हणाला. "या उजव्याने दुसऱ्याच्या वाटचा मार खाल्ला. अजून किती खायला लावू?"

दारात त्याची बायको उभी होती. बेकरीत कामाला होती, तशीच पिठाच्या हातांनी आलेली. तिने सगळं ऐकलं. आत आली, त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली ठेवला आणि म्हणाली, "इतकी वर्षं मैदानात खोटं लंगडलात. चला, आता घरी खरं लंगडा. मी बघते कोण लाथ घालतो ते!"

संघ वर गेला, त्याच्याशिवाय. नवी घडीची खाट आली, आणि मी इथे अडगळीच्या खोलीत आले. माझ्यावरची धूळ कुणी पुसली तर बरं वाटेल, नाही म्हणत नाही. पण मागणं वेगळंच आहे. मित्रांनो, दुखणारा ओरडतो, त्याला तेल मिळतं. तुमच्या घरात असं कुणीतरी आहे, जे धडधाकट म्हणून सगळ्यांच्या वाटचं सोसतं आणि कधी बोलत नाही. आज त्याला विचारा, "कुठे दुखतंय का?" तो म्हणेल, "छे, काही नाही." लगेच खेळायला पळू नका. तिथेच बसा आणि पुन्हा विचारा.