उजवी चप्पल

उशीच्या अभ्र्यात नऊ कॅसेटी कोंबून मोठी दुकानात शिरली आणि कुणी बसा म्हणायच्या आत तिने स्वतःच खुर्ची ओढून घेतली. गोतावळ्यात तिला सगळे मोठीच म्हणत. वयाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी.

"ह्या सगळ्या डिस्कवर घालून दे. प्रत्येकीच्या सहा-सहा. आणि मी इथेच बसणार."

दुकानवाली चाळिशीची, चष्मा कपाळावर ठेवून वावरणारी बाई होती. "आजी, तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. ती पूर्ण चालू द्यावी लागते. दोन-तीन दिवस जातील. तुम्ही घरी जा, मी फोन करते."

"आजी मी माझ्या नातवंडांची. आणि घरी जाऊन काय करू, भिंती मोजू? तू तुझं काम कर. मी बघते."

बघायचं होतं ते एकच. बावीस वर्षांपूर्वी मोठी नव्या घरात राहायला गेली, त्या दिवशी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आणि ऐन जेवायच्या वेळी तिची सख्खी धाकटी बहीण एका शब्दाने न सांगता निघून गेली. माझं घर तिच्या डोळ्यांत खुपलं, असं मोठीने त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं. तेव्हापासून दोघींत अवाक्षर नाही. गेल्या महिन्यात मात्र भाचीने तिला तोंडावर विचारलं होतं, "मावशी, आई अशी उठून जाणारी नाही. तू जाताना बघितलंस का तिला?"

बघितलं नव्हतं. मोठी स्वयंपाकघरात होती. पण तिच्या यजमानांनी त्या दिवशी कॅमेरा आणलेला होता, तो काय शोभेला? बहीण कशी तोंड फिरवून गेली ते डिस्कवर घालायचं, सहा घरी वाटायचं आणि म्हणायचं, घ्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"इतकी वर्षं बघितल्या नाहीत कधी?" दुकानवालीने कॅसेटी मांडता मांडता विचारलं.

"टीव्हीला जोडायची वायर यायची होती. माणूस गेलं, वायर काही आली नाही."

'घर' असं लिहिलेल्या कॅसेटीला पांढरी बुरशी धरली होती. दुकानवालीने ती बाजूला ठेवली. आधी तिचे स्क्रू काढून आतली फीत हाताने पुसावी लागेल, नाहीतर चिकटून तुटेल, म्हणाली.

मग पहिली कॅसेट लागली. पडद्यावर आधी फरशी आली. मग पाय आले. एक जोडी, दोन जोड्या, एक खुर्चीचा पाय, पुन्हा पाय. वरून बोलण्याचे आवाज. यजमानांचा चेहरा एकदाच एवढा मोठा होऊन पुढे आला, हसरा, आणि "तयार? आता घेतो हं," म्हणाला. की पडदा काळा. पुन्हा उजेड झाला तो पायांवरच.

दुसरी तशीच. तिसरीही तशीच.

दुकानवाली हनुवटीवर बोट ठेवून बघत राहिली. "काका लाल दिवा लागला की कॅमेरा बंद झाला असं धरत असणार. सगळं उलटं झालंय. जे घ्यायचं ते घेतलंच नाही, आणि कॅमेरा हातात लोंबत होता तेवढं सगळं आलंय."

मोठीला आठवलं. कुणीतरी सांगायला गेलं होतं तेव्हा यजमान म्हणाले होते, "लाल म्हणजे थांबा. रस्त्यावर शेंबडं पोरही जाणतं हे." त्यांच्या शहाणपणाला कोण हात लावणार?

आधी तिला राग आला. मग राग राहिला बाजूला आणि ती खुर्ची पुढे ओढून बसली. कारण पाय ओळखू यायला लागले. ह्या फताड्या टाचा थोरल्या दिरांच्या. हा अंगठा वर करून उभा राहणारा पाय नणंदेचा, माणूस तसाच, कायम काहीतरी खुपत असल्यासारखा. "ही बघ, ही माझी नात, नुकती चालायला लागलेली, टेबलाखालून जातेय." दुकानवालीलाही नाद लागला. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी तिचा एक डोळा पडद्यावरच. तिसऱ्या कॅसेटीतला एक राखाडी मोजा, अंगठ्याला भोक पडलेला, तेवढा कुणाचा ते मोठीला काही केल्या सांगता येईना. त्यापायी रात्री घरी तिला झोपही नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'घर' तयार झाली.

पडद्यावर दाराची चौकट आली. यजमानांनी कॅमेरा दाराजवळच्या मांडणीवर ठेवून दिला होता, खाली वाकलेला. समोर चपलांची रांग. त्यात तपकिरी चपलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी, अगदी सारख्या. दोघी बहिणींनी एकाच चांभाराकडून घेतल्या होत्या.

बराच वेळ कुणी आलं नाही. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग मोठीचाच आवाज, आतापेक्षा कोवळा आणि आतापेक्षा धारदार.

"धाकटीला भांड्यांना हात लावू देऊ नका गं. तिने घासलेलं मला परत घासावं लागतं. आयुष्यात एक काम धड केलंय का तिने?"

चार बायका हसल्या.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोललेली मोठी विसरून गेली होती. अशी दिवसाला दहा वाक्यं ती बोलायची, कुठली लक्षात ठेवणार?

मग आतून दोन पाय आले. बारीक घोट्यांचे. चपलांपाशी थांबले. शेजारी एका फडक्याचं टोक लोंबत होतं, भांडी पुसायचं, आणि त्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. मागून यजमानांचे पाय आले.

"जाऊ नकोस. तिची जीभच तशी आहे. मनात काही नसतं."

"माहीत आहे, भाऊजी. मी ऐकलं ते तिला सांगू नका. नव्या घरात पहिल्याच दिवशी रडत बसेल ती."

"विचारलं तर काय सांगू?"

"काही सांगू नका."

फडकं यजमानांच्या हातात गेलं. पायांनी चाचपडत चपला शोधल्या. डावा पाय एका जोडीत गेला, उजवा दुसरीत. दार लागलं.

"मागे घे," मोठी म्हणाली. दुकानवालीने घेतलं. "परत." परत घेतलं. "तो उजवा बघ. ती चप्पल माझी आहे." बावीस वर्षांपूर्वी तिची नवीकोरी उजवी चप्पल अचानक सैल झाली होती. चांभाराशी भांडून त्याचं तोंड बघायचं सोडलं होतं तिने. आणि यजमान, घरात गोष्ट तीस पावलं टिकवू न शकणारा माणूस, ही एक गोष्ट पोटात घेऊन गेला.

"ह्याच्या पण सहा करायच्या का?" दुकानवालीने हळूच विचारलं.

सहा घरांतली सहा तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग मोठी म्हणाली, "तुझा फोन दे. माझा नंबर बघितला तर ती उचलायची नाही."

नंबर तिने न बघता लावला.

"कोण?" पलीकडे नळ वाहत होता.

"तुझ्याकडे माझी उजवी चप्पल आहे."

नळ बंद झाला. "आता कळलं होय?" धाकटी म्हणाली. "मला कोपऱ्यावरच कळलं होतं. एवढी करकचून बसलेली. पण परत फिरायची लाज वाटली."

"भांड्यांचं मी जे बोलले," मोठी म्हणाली, आणि जन्मात न अडलेली जीभ अडली. "ते आज ऐकलं मी. तू चांगली घासायचीस."

"नाही घासायचे. खरकटं राहायचंच. पण चारचौघींत बोलायचं नव्हतंस."

"नव्हतं बोलायचं. आणि नंतर घरोघरी सांगत फिरले तेही नव्हतं सांगायचं. ते मी निस्तरते."



"भाऊजींनी सांगितलं शेवटी?"

"ते कसले सांगतायत. त्यांच्या कॅमेऱ्याने सांगितलं. सगळे पायच पाय आहेत. तू ये इथे. अजून चार कॅसेटी राहिल्यात, आणि एक मोजा आहे भोकाचा, कुणाचा ते मला कळत नाही."

"राखाडी?"

"राखाडी."

"थांब, सुरू करू नका," धाकटी म्हणाली. "पत्ता सांग."

पत्ता दुकानवालीने सांगितला. मोठी उठून दुसरी खुर्ची आणायला गेली.