चैतातल्या शेंगा

पाडवा सरला तेव्हा मेडशीत आमच्या कुंपणावर वालाचा एकच वेल हिरवा उरला होता. किन्हीराजा गावात दिलेली माझी लेक हेमला सातव्या महिन्यात होती आणि तिच्या पोटात घास टिकत नव्हता. व्याह्यांचा निरोप आला, की पोरीला वालाच्या शेंगांचे डोहाळे लागलेत, बाकी सगळं ओकते, बाजाराच्या दिवशी माहेरी पाठवतो. तोवर उन्हानं शेंगा वेलावरच जून झाल्या असत्या. म्हणून मी त्या तोडल्या, बाजारातल्या बायांसारखं वरून भरपूर पाणी मारलं आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. मोठी शहाणी मी! दुसऱ्या दिवशी निम्म्या बुळबुळीत झालेल्या. मी उन्हाला, फडक्याला, व्याह्यांना, सगळ्यांना शिव्या घातल्या.

आवाज ऐकून शेजारची लतीफा आली. तिचा नवरा फय्याज भिश्ती, गावात पखालीनं पाणी घालायचा.

"अवं रुखमा, शेंगाइले कायले भिजवून राह्यली? गाडग्याले भिजव."

चांगल्या शेंगा निवडून तिनं पुसल्या, कोरड्या फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात घातल्या. ते गाडगं आपल्या घरच्या रांजणाखालच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलं. रमजान चालू होता. भर दुपारी, स्वतः थेंबभर न पिता, ती त्या वाळूवर पाणी शिंपडायची. मी म्हटलं, मी शिंपडते, तर म्हणाली, "तू लय ओततं. जाय, गोवऱ्या थाप."

बाजाराच्या दिवशी हेमलाला गाडीतून धरूनच उतरवावं लागलं. गाडगं उघडलं. शेंगा मोडताना कटकन वाजल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तिखट, मीठ, गुळाचा खडा घालून भाजी केली. पोरीनं ताट पुसून खाल्लं. आता खाल्लेलं टिकतं का ओकते, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. अजान झाली. दिवा लागला. हेमला कुशीवर वळून शांत झोपली.

उंबऱ्यावर लतीफा होती. दोन घोट पाण्यावर रोजा सोडून तशीच बसलेली.

"घरी भाकर थंडी होऊन राह्यली ना वं. अजून काहून बसली?"

"पोरीच्या पोटात राह्यलं का नाही, ते पाह्यल्याबिगर मले घास उतरते का?"

मी एवढ्या तोंडाची बाई, तिचे दोन्ही हात धरून रडले. मग उरलेली भाजी आणि भाकर तिच्यापुढे ठेवली, आणि ती जेवेपर्यंत तिथून हलले नाही.