दसऱ्याचा टायर

महाराष्ट्र राज्य झालं आणि गिरगावात पेढ्यांचे हात अजून धुऊन व्हायचे होते, तोच फणसवाडीतल्या कमलाकांत वेलकरांची झोप उडाली. आनंद नव्हता असं नाही. आनंद तर इतका होता, की गॅलरीवरच्या दिव्यांच्या माळा उतरवायला त्यांनी साफ नकार दिला होता. पण त्या आनंदाच्या पोटातच त्यांची काळजी होती.

काळजीचं नाव अप्पाबुवा. बुवा हरदास, वाडीतल्या राममंदिरात त्यांचं कीर्तन ऐकत कमलाकांत लहानाचे मोठे झाले. चळवळीच्या दिवसांत, बाहेर धरपकड चालू असताना बुवा कीर्तनाला उभे राहिले होते, आणि पूर्वरंग संपल्यावर गळ्यातली वीणा सावरून भर सभेत बोलून गेले होते, "मुंबईसकट महाराष्ट्र झाला, तर गावच्या टेकडीवर नरसिंहापुढे जयंतीचं कीर्तन करीन. उभ्यानं." लोकांनी टाळ्या पिटल्या. देवानंही ऐकलं. फक्त तोवर बुवांचे गुडघे गेले.

गाव महाडच्या पलीकडे. एस.टी. पायथ्याशी सोडते, पुढे देवळापर्यंत जांभ्या दगडाची नि मुरमाची चढण. गावकरी म्हणाले, डोलीतून नेऊ. बुवा म्हणाले, "जिवंतपणी चौघांच्या खांद्यावर बसायचं नाही. ती हौस पुढे आहेच."

तेव्हा कमलाकांत भाविकपणाच्या भरात म्हणून बसले, "बुवा, माझी गाडी आहे ना! चारही चाकांनी चढते ती."

आता गाडी चारही चाकांनी चढणारी होती, हे खरं. जीपच्या जातीची, पण घरंदाज. मागे दोन बाकं, लाकडी रंगाचे पट्टे, आणि ड्रायव्हरच्या पायाशी एक जादा दांडा. तो दांडा पुढे ढकलला, की पुढची चाकंही मागच्यांच्या बरोबरीनं जोर लावतात. पण तो दांडा कमलाकांतांनी आजवर कधी हलवलाच नव्हता. गिरगाव ते कोर्ट आणि कोर्ट ते गिरगाव, एवढ्यात कुठली आली चढण? दांड्याला दर शुक्रवारी फडकं मारलं जाई आणि दसऱ्याला हळदकुंकू. बस्स.

दसऱ्याचा मात्र त्यांच्याकडे थाट असे. घरात सगळ्यांना नवं, मग गाडीनं काय पाप केलंय? दर दसऱ्याला गाडीला एक नवा टायर, आणि तो मानाचा म्हणून पुढे, उजव्या अंगाला. आधीचा मग पुढे डावीकडे सरके. त्याच्या आधीचे पाठीमागे जात.

हे सगळं त्यांचे व्याही बाबुराव मानकर यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडेही अशीच गाडी होती. कमलाकांतांची उर्मिला बाबुरावांच्या मुलाला दिलेली. लग्नात रुसवेफुगवे झाले नाहीत, ते सगळे पुढे गाड्यांवर निघाले. बाबुराव दादरहून रविवारी फणसवाडीत येत आणि दोघे आपापल्या गाडीचं बॉनेट उघडून उभे राहत.

"तुमची तेल पिते, व्याही."

"पिते, पण तुमच्यासारखी खोकत नाही."

"आमची खोकत नाही, बोलते. मी ऑइल बदलतो वेळच्या वेळी. तुम्ही नुसत्या आरत्या करता. तो दांडा हलवलाय का कधी? का तो नुसता हळदीकुंकवाला?"

हे बोलणं कमलाकांतांच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून मग ठरलं. सोमवारी महाडला निघायचं, त्याआधी शनिवारी सकाळी अँटॉप हिलवर दोन्ही गाड्यांची परीक्षा. तिथं सरकारी वसाहतीच्या मागे टेकडीवर मुरमाची एक वाट चढते, अगदी बुवांच्या गावच्यासारखी. बुवांनी हट्ट धरला, "मीही येतो. कुठं बसायचं ते आधी पाहिलेलं बरं." मग त्यांच्या सोबतीला कमलाकांतांच्या पत्नी सुमतीबाई निघाल्या, फराळाचा डबा घेऊन.

दादरला बाबुराव आपल्या गाडीसह वाट पाहत होते. खिडकीशी येऊन म्हणाले, "आता दांडा टाका पुढे. इथूनच. सांध्यांना सवय होऊ दे."

कमलाकांतांनी नरसिंहाचं नाव घेऊन दांडा ढकलला. खटकन बसला. त्यांची छाती फुगली.

पण पुढच्या डांबरी रस्त्यावर गाडीचा नूर बदलत गेला. सुकाणू जड झालं. वळणावर पुढची चाकं कुरकुरू लागली. आधी कण्हणं, मग दात खाल्ल्यासारखा आवाज. एखादी म्हैस मालकाला ओढत नेते ना, तसं काहीतरी; फक्त इथं गाडी स्वतःच स्वतःला मागे ओढत होती. अँटॉप हिलच्या पायथ्याशी एक आखूड वळण होतं. तिथं टायर किंचाळले, गाडीनं आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

कमलाकांतांनी दांडा मागे ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. पाय टेकून ओढला.

बाबुराव आपल्या गाडीतून उतरले, वाकून खाली पाहिलं, आणि मयताला आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "गेली. गिअरपेटी गेली, व्याही."

कमलाकांतांनी मागे वळून पाहिलं. बुवा शांत बसले होते. पण मांडीवरचं उपरणं ते उगाचच घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. "होऊ दे रे कमलाकांता," ते हळूच म्हणाले. "देव काही टेकडीवरच आहे असं नाही. इथूनच हात जोडीन." आणि हे बोलताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे डोळे कुणाला दिसू नयेत.

कमलाकांतांना ते सोसवेना. मानापमान त्यांनी तिथंच डांबरावर टाकला आणि व्याह्यांपुढे हात जोडले. "बाबुराव, माझी हरली. तुमच्या गाडीनं बुवांना न्या. मी मागच्या बाकावर वीणा धरून बसेन."

बाबुराव एकाएकी खोकायला लागले. गाडी नव्हे; स्वतः बाबुराव. "न्यायला काय हो... नेऊ की. बघू जरा चढवून."

ते गाडीत बसले आणि मुरमाच्या वाटेवर घुसले. चार हात चढली असेल. मग मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, खडी उडाली, आणि गाडी सावकाश, अदबीनं, उलटी खाली आली.

"अहो, तुमचा दांडा टाका ना पुढे!" कमलाकांत ओरडले.

"टाकलाय."

"मग?"

बाबुराव खाली उतरले. टोपी काढली, पुन्हा घातली. "पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्टच नाहीये गाडीला. काढून ठेवलाय. माडीवर, पलंगाखाली."

मग सुमतीबाईंना हसू आवरेना. "म्हणजे इतके रविवार तुम्ही यांना टोमणे मारत होतात, ते पलंगाखालच्या शाफ्टाच्या जोरावर?"

"हसा, विहीणबाई, हसा. माझीही अशीच झाली होती. लोणावळ्याहून येताना दांडा टाकला नि गाडी अशीच आवळून बसली. मिस्त्री म्हणाला, शाफ्ट काढा, कटकट मिटेल. काढला. मिटली. मला वाटलं, खोड माझ्याच गाडीची."

सुमतीबाईंचं हसू थांबलं. त्या गाडीतून उतरल्या आणि पदर खोचून एकेका चाकापाशी वाकून पाहू लागल्या. दसऱ्याला चाकांची पूजा त्याच करत. कुठल्या चाकाला किती वाकावं लागतं, ते त्यांच्या कमरेला पाठ होतं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपली पुढची दोन्ही चाकं भरलेली आहेत. मागची दोन्ही झिजून गुळगुळीत. ठेंगणी झालीत. व्याही, तुम्ही टायर कसे बदलता हो?"

"मागचे झिजतात. मागचे दोन बदलतो. पुढचे चालतात."

"म्हणजे यांचं नवं ते सगळं पुढे, नि तुमचं नवं ते सगळं मागे. आणि आवळल्या मात्र दोन्ही गाड्या."

कमलाकांत चाकांकडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांना चाकं दिसेनाशी झाली आणि राममंदिरातले झांजकरी दिसू लागले. एका उत्सवात पुढच्या रांगेत दोन्ही तरुण उभे राहिले होते नि मागे दोन्ही म्हातारे. पुढचे एका लयीत, मागचे दुसऱ्या. गजर असा ओढाताणीला आला, की बुवांनी चिपळ्या थांबवल्या होत्या.

"बुवा," ते खिडकीशी धावले, "त्या वेळी झांजा फिसकटल्या, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कुणाला हाकलायचं? दर रांगेत एक म्हातारा नि एक पोरगा उभा केला. लागली लय."

"तेच!" कमलाकांतांनी कपाळावर हात मारला. "बाबुराव, मोठं चाक कमी फेऱ्यांत वाट चालतं, ठेंगण्याला जास्त फेऱ्या लागतात. एरवी ज्याचं ते चालतं. दांडा टाकला, की पुढच्या-मागच्या जोड्या एका फेरीला बांधल्या जातात. मऊ मातीत चाक जरा घसरून हिशोब मिटवतं. डांबरावर घसरणार कुठं? ताण साठत जातो नि सगळं आवळतं. पेटी गेलेली नाही हो, पेटी अडकलीय!"

"आणि नसेल तसं तर?"

"तर मग रडूच. आधी जॅक काढा."

दोन्ही गाड्यांचे जॅक निघाले. बुवांना हात देऊन उतरवलं आणि एका दगडावर बसवलं. बाकीच्या चाकांना धोंडे लावले. कमलाकांतांनी पुढच्या उजव्या चाकाखाली जॅक लावला आणि दांडी फिरवू लागले. गाडीचा तो कोपरा उचलत गेला, टायर जमिनीपासून सुटला...

आणि सुटल्याबरोबर ते चाक, कुणी हात न लावता, आपणहून गर्रकन वळलं. आत कुठंतरी खट्‌ असा आवाज झाला. आवळून धरलेला श्वास कुणीतरी सोडावा, तसा.

कमलाकांत उठले, दारातून हात घातला आणि दांडा धरला. ताकावरचं लोणी हाताला यावं तसा तो अलगद मागे आला.

"आला?" बाबुरावांनी विचारलं.

कमलाकांतांनी दांडा पुढे केला, मागे केला, पुन्हा पुढे केला. सुमतीबाई म्हणाल्या, "पुरे आता. पुन्हा रुसेल."

मग दोघा व्याह्यांनी बाह्या सारून उजव्या अंगाचं पुढचं चाक मागे नि मागचं पुढे लावलं. आता प्रत्येक जोडीला एक नवा नि एक जुना. बाबुरावांनी नट आवळले, कमलाकांतांनी पुन्हा तपासले; बाबुरावांना राग आला, त्यांनी तिसऱ्यांदा आवळले. दोघांचे सदरे काळे झाले.

मुरमाच्या वाटेवर पोचेपर्यंत कमलाकांतांनी दांड्याला हात लावला नाही. माती लागली, तेव्हा टाकला. बुवा मागे, शेजारी सुमतीबाई; बाबुराव पुढच्या बाकावर डॅशबोर्ड घट्ट धरून. बाबुरावांची गाडी जिथून परत फिरली होती, तिथं खडी पसरलेली होती. गाडी तिथं जराशी घुटमळली, पुढच्या चाकांनी दगड पकडला, आणि ती वर निघाली. घाई नाही, आरडाओरडा नाही. ओझं घेतलेला बैल मान खाली घालून चढतो, तशी चढली. कमलाकांत मनातल्या मनात नामस्मरण करत होते असं त्यांना वाटत होतं. पण ते मोठ्यानंच चाललं होतं, आणि बाबुरावही त्यात सामील झाले होते.

वर सपाटी आली. गाडी थांबली. खाली मिठागरं उन्हात चकाकत होती आणि वारा येत होता.

कमलाकांतांनी मागे पाहिलं. बुवांनी उपरणं गळ्यात घातलं होतं आणि दोन्ही हातांनी समोरचं बाक धरून ते ताठ बसले होते. डोळे ओले होते, पण आता त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"आपल्या देवळाची चढण याच्यापेक्षा थोडी सौम्य आहे," ते म्हणाले. "वळणं तेवढी जास्त."

"वळणांना मी आहे," बाबुराव म्हणाले. "उतरून दगड लावायला."

"तुम्हीही येताय?"

"म्हणजे काय! माझा जॅक लागणार नाही का?"

सुमतीबाईंनी डबा उघडला. काल संध्याकाळपासून आपण काही घेतलेलं नाही, हे बुवांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण साटोरीवर त्यांचा हात ज्या वेगानं गेला, त्यावरून सगळ्यांना कळलं. दुसरीही संपली. पाणी पिऊन, मिशा पुसून बुवांनी विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचं म्हणालास?"

"पहाटे, बुवा. उन्हाच्या आत महाड."

"मग चल, आता खाली चल लवकर," बुवा म्हणाले. "अंगरखा धुवायला टाकायचाय. आणि घरी जाऊन जरा उभं राहायची सवय करतो."