काळ्या पेट्यांचा दिवाण

मुलांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा बरं. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. घर नवंकोरं आहे. भिंतींना अजून रंगाचा वास येतो आहे, फरशी पायाला गार लागते आहे, दारावर आंब्याच्या पानांचं तोरण आहे. तुम्ही दुपारभर ट्रकमधलं सामान उतरवून दमला आहात. जरा पाठ टेकावी म्हणून तुम्ही या खोलीत जाता, त्या खोलीत जाता, आणि तुमच्या लक्षात येतं की घरात पलंगच नाही. एकही नाही. खुर्ची नाही, टेबल नाही. घ्यायचे राहून गेले म्हणावं, तर तसंही नाही. ते घ्यावे लागतात, हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

हसलात ना? हसा. पण ज्यांच्या घरी हे घडलं ती माणसं काही वेंधळी नव्हती. हवालदार संजय राठोड म्हणजे शिस्तीचा माणूस. सकाळी दाढी केल्याशिवाय चहाला हात लावणार नाही असा. आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यात तो लहानाचा मोठा झाला आणि मिसरूड फुटताच फौजेत भरती झाला. त्याची बायको उज्ज्वला, आणि मुलगी रंजिता. रंजितानं नुकतीच पाचवी पास केली होती.

फौजेतल्या घरांची एक रीत असते. बदली झाली की नव्या गावी सरकारी क्वार्टर मिळतं. कुलूप उघडावं तर आत पलंग उभेच असतात, टेबल असतं, खुर्च्या असतात. प्रत्येकाच्या पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. पुन्हा बदली झाली की ते सगळं तिथंच सोडायचं आणि आपलं सामान काळ्या लोखंडी पेट्यांत भरून पुढं निघायचं. रंजिता अशाच घरांत वाढली. तिला वाटायचं, घराला जशी दारं असतात, खिडक्या असतात, तसे पलंगही असतात. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तिच्या आईवडिलांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

आता मात्र संजयची बदली बर्फाच्या डोंगरातल्या एका चौकीवर झाली होती. तिथं बायकामुलांना नेता येत नाही. म्हणून त्यानं आर्णीच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. रंजिता आणि तिची आई इथं राहणार, इथल्याच शाळेत ती सहावीला जाणार. रविवारी वास्तुपूजा होती. अख्ख्या तांड्याला बोलावणं गेलं होतं. आणि बठिंड्याहून निघालेला सामानाचा ट्रक पोचला शनिवारी दुपारी.

तांड्याहून आदल्या दिवशीच आलेली आजी, हंसाबाई, ओट्यावर उभी राहून सामान उतरताना पाहत होती. रंजिता तिला दादी म्हणायची. शेवटची काळी पेटी उतरली आणि ड्रायव्हरनं ट्रकचा फाळका लावला, तेव्हा दादी म्हणाली, "दुसरा टरक कवा येते?"

"दुसरा कुठला, याडी? एवढंच आहे," संजय म्हणाला. बंजाऱ्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

"मंग पलंग?"

संजयनं उज्ज्वलाकडे पाहिलं. उज्ज्वलानं संजयकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच रिकाम्या घराकडे पाहिलं.

"ते सरकारचे होते," संजय डोकं खाजवत म्हणाला.

"अन् आपले?"

"आपले... नाहीत."

दादी ओट्याच्या पायरीवर बसलीच. "अरे बाप्पा. म्या साऱ्या तांड्यात सांगून ठेवलं ना. या पोट्टीनं मले फोनमंधी दाखवलं. हा पलंग दादी, हा सोपा दादी, हे जेवाचं टेबल. म्या म्हणलं, माया लेकाच्या घरी पलंगच पलंग हायेत. मानीबाईले तं दोनदा सांगतलं. थे उद्या घरात पाय ठेवल्याबरोबर पलंगच पाहीन."

 दाखवले होते, रंजितानंच. व्हिडिओ कॉलवर, खोलीखोलीतून फिरून. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं, पण उद्या चारचौघांत खोटी ठरणार होती ती दादी. आणि मानीबाई म्हणजे तांड्यातली अशी बाई, की एखादी गोष्ट तिच्या हाती लागली तर ती पुढची दिवाळी येईपर्यंत सोडायची नाही.

संजय मोटरसायकल काढून बाजारात गेला आणि हात हलवत परत आला. लग्नसराईचे दिवस. फर्निचरवाला म्हणाला, पलंग आठवड्यानं मिळेल. मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याच्या खुर्च्या दोन लग्नांत गेलेल्या. मांडवात अंथरायला सतरंज्या तेवढ्या मिळाल्या.

उज्ज्वला मात्र डगमगली नाही. तिनं साडीचा पदर खोचला. "पेट्या बैठकीत घ्या," ती म्हणाली. "रंजू, तू गाद्या सोड."

फौजीची बायको असलं काम डोळे झाकून करते. सारख्या उंचीच्या पेट्या भिंतीला लावून ओळीनं मांडल्या. सामानाची लाकडी खोकी फोडून निघालेल्या फळ्या त्यांच्यावर आडव्या टाकल्या. फळ्यांवर गादी, गादीवर निळी चादर, मागं तक्के. बघता बघता ऐसपैस दिवाण तयार झाला. दादीनं तो हातानं दाबून पाहिला, आणि चादरीचं टोक ओढून पार फरशीपर्यंत सोडलं.

"खालचं काहीच दिसलं नाही पाह्यजे," ती म्हणाली.

रंजितानं दुसरं टोकही ओढून फरशीला टेकवलं.

रविवारी सकाळी पूजा झाली, दूध उतू घालून झालं. मांडवात वांग्याच्या भाजीचा नि गरम बुंदीचा वास सुटला. तांड्याची माणसं ऑटो भरभरून आली. सगळ्यांत पुढं काठी टेकत रामसिंग नायक. तांड्याचा नायक म्हणजे सगळ्यांत मानाचा माणूस. नव्या घरात तो बसल्याशिवाय दुसरं कुणी बसत नाही. त्याच्या मागोमाग मानीबाई, नजर चौफेर फिरवत.

रंजिता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. तिथून बैठक दिसत होती.

नायक दिवाणावर बसले. बसता बसता त्यांची काठी चादरीआडच्या पेटीला लागली, आणि टण्ण असा आवाज आला. त्यांनी पुन्हा हळूच ठोकून पाहिलं. टण्ण.

मानीबाईचे कान टवकारले. "हंसा, पलंग कुठी हायेत वं? तू तं सांगे, पलंगच पलंग हायेत म्हणून."

"हायेत ना," दादी म्हणाली. "मांगच्या खोलीत."

"मंग दाखव. आमी काय पलंग घेऊन पयणार हाओ काय?"

दोघीतिघी जणी तोंडाला पदर लावून हसल्या.

"खोलीले कुलूप हाय," दादी म्हणाली.

"मंग खोल. किल्ली काय फौजेतच राह्यली?"

आता सगळेच हसले. दादी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. संजय पुढं झाला आणि पुन्हा मागं सरला. शत्रूसमोर उभं राहणं निराळं आणि मानीबाईसमोर निराळं.

रंजिताला ते बोट दिसलं. ती दाराआडून निघाली आणि थेट बैठकीच्या मधोमध येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. 

"दादीनं पलंग खरंच पाहिले होते. मीच दाखवले होते. पण ते आमचे नव्हते, सरकारचे होते. बदली झाली की सरकारला परत द्यावे लागतात. मला ते माहीत होतं, पण मला वाटलं, या घरातही असतीलच. घरात असतातच असं मला वाटायचं." तिनं श्वास घेतला. "आमचं जे आहे ते हे आहे."

आणि तिनं वाकून चादरीचं टोक धरलं आणि गादीवर उलटवून टाकलं.

खाली काळ्या पेट्या. कडा चेमटलेल्या, कोपऱ्यांचा रंग उडालेला. प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत संजयचं नाव आणि गावाचं नाव. एकावर दुसरं लिहिलेलं, जुनं पुसट, नवं ठळक.

कुणी हसलं नाही. सगळे माना वाकवून पाहू लागले.

"ही अंबाल्याची," रंजिता एका पेटीवर हात ठेवून म्हणाली. "पप्पांची सगळ्यांत जुनी. ही सागरची. हिला धरून मी पहिल्यांदा उभी राहिले, मम्मी सांगते. ही चेमटली आहे ना, ही बठिंड्याच्या स्टेशनवर हमालाच्या डोक्यावरून पडली. आत काचेचे ग्लास होते, एकही फुटला नाही, मम्मीनं स्वेटरमध्ये गुंडाळले होते. हिच्यावर बसून मी अभ्यास करते. आणि आमचं सगळं घर दोन दिवसांत यांच्यात बसतं. पप्पा फायरिंगच्या सरावाला रेंजवर गेले होते तेव्हा मी आणि मम्मीनंच भरलं."

रामसिंग नायक उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पण कुणाचा हात त्यांनी घेतला नाही. चष्मा पुढं ओढून ते पेटी वाचू लागले. एका पेटीवर संजयचा जुना हुद्दा अजून दिसत होता.

"नायक संजय राठोड," त्यांनी वाचलं. "काहून रे संज्या, मी जिता असताना तू नायक कवा झालता?"

बैठक खदखदून हसली. संजयही हसला. "तो फौजेतला नायक, बापू. तुमच्या गादीला धक्का नाही."

नायक मात्र अजून पेट्यांकडेच पाहत होते. काठीनं त्यांनी ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाखवली.

"माया आजानं सांगतलेली गोठ हाय," ते म्हणाले. "आपली लदेणी चाले तवा. बैलाईच्या पाठीवर मीठ, धान्य लादायचं अन् मुलुख तुडवायचा. मुक्काम पडला का गोण्या उतरवायच्या, अन् अशाच रचायच्या. लायनीनं. थेच भिंत, थोच आडोसा, त्याच्यावरच पाठ टेकायची. सकायी उचललं का चालले. कोणाच्या घरी पलंग होता तवा?" ते रंजिताकडे वळले. "आपण लोकाईले मीठ पोचवत होतो. तुया बाप देश राखून राह्यला. पण सामान रचाची रीत तं तेच हाय. कोनं शिकवलं वं तुले हे?"

"मम्मीनं."

उज्ज्वला झारा हातात घेऊनच दारात आली होती. तांड्याच्या नायकानं तिच्याकडे पाहून मान लववली, आणि तिला झारा कुठं ठेवावा ते समजेना.

मग नायक उघड्या पडलेल्या पेट्यांवरच्या गादीवर परत बसले, चांगले पाय वर घेऊन. चादर तशीच उलटलेली राहिली. ती खाली सोडा असं दादीसुद्धा म्हणाली नाही.

मानीबाई अजून उभी होती. तिनं जरा वेळ वाट पाहिली, मग दादीला कोपरानं ढकललं. "सरक ना वं जराशी. मी काय उभीच राहू? आमच्या घरी पलंग हायेत, पण त्याईनं तिवसा गावाच्या पलीकडचं काई पाह्यलं नाही."

"म्या तं तुले आधीच म्हणलतं," दादी सरकत म्हणाली. "माया लेकाच्या घरचं सामान साधंसुधं नाही म्हणून."

"तू पलंग म्हणलतं."

"थेच म्हणलतं मी."

संजयनं लेकीकडे पाहिलं. चौकीवर जायला त्याला थोडेच दिवस उरले होते, आणि हे घर आपल्यामागं कसं चालेल याची काळजी त्याला ट्रक उतरल्यापासून लागली होती. त्यानं रंजिताच्या डोक्यावर हात ठेवला नाही, शाबासही म्हटलं नाही. तो टाचा जुळवून सरळ उभा राहिला, साहेबासमोर राहतो तसा. रंजिताला ते कळलं. तीही सरळ उभी राहिली.

तेवढ्यात फाटकापाशी अजून एक ऑटो थांबला. मुकुटबनहून उज्ज्वलाच्या माहेरची माणसं आली होती. ती ओट्याखाली चपला काढून घुटमळत होती, आतली गर्दी पाहून मागं सरत होती. एक म्हातारी म्हणाली, "आमी इथीच मांडवात बसतो, बाई. अंदर जागा नसन."

रंजिता धावत बाहेर गेली. तिनं म्हातारीचा हात धरला, तिला ओट्याच्या पायऱ्या चढवल्या, सगळ्यांच्या मधून वाट काढत आत नेलं आणि सागरच्या पेटीवर बसवलं. मग ती पुन्हा फाटकाकडे वळली, उरलेल्यांना आणायला.