वीस रुपयांचं कलम

अर्ज टाइप होऊन तयार होता. मला फक्त सही करायची होती. दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की वसुलीवाल्यांचं दारात येणं थांबवता येईल, एवढ्यासाठी मी नगरला विष्णुपंत वकिलांकडे आले होते.

"गेल्या तीन महिन्यांत कोणाला पैसे दिलेत?" त्यांनी विचारलं.

"भागूबाईंना. चौदा जुलैला चोवीस हजार. चार महिन्यांचा थकलेला पगार."

तिसगावला माझी माती-पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. भागूबाई तिथे काचेची भांडी धुतात. त्यांनी धुतलेल्या बीकरमध्ये आठ वर्षांत मला आदल्या नमुन्याचा अंश सापडलेला नाही.

पंतांनी चष्मा काढला. "अहो, दिवाळं निघणार हे दिसत असताना एकाच घेणेकऱ्याला आधी दिलं, की तो व्यवहार रद्द ठरू शकतो. कोर्टाचा रिसीव्हर त्या बाईकडून पैसे परत मागेल."

"तो पगार होता."

"पगाराला कायद्यात अग्रक्रम आहे की. वीस रुपयांपर्यंत."

हजार म्हणायचं राहिलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. १९२० चा कायदा. चार महिन्यांच्या कामापोटी, सगळे मिळून, वीस रुपये. कुजलेल्या पाण्याच्या नमुन्याचं बूच काढल्यावर येतो तसा वास मला त्या पानाला आला.

"आता नवा कायदा आलाय ना?"

"आलाय. कंपन्यांना लागू झालाय. तुमच्यासारख्यांसाठी त्यात अख्खा भाग छापलाय. लागू करायचा राहिलाय."

माझे पावणेचार लाख बुडवणारी ठिबकची कंपनी त्याच नव्या कायद्याने मोकळी झाली होती. मला रुपयामागे सहा पैसे मिळाले. मालकाने दुसऱ्या नावाने गोदाम उघडलं.

"पगाराची पावती आहे?" पंतांनी आवाज खाली आणला.

"रजिस्टरला नोंद आहे. त्यांची सही आहे."

"रजिस्टर नवं लिहिता येतं."

"माझं नाही."

आमच्याकडे आकडा चुकला तर खोडत नाहीत. एक रेघ मारायची, शेजारी सही करायची, चूक वाचता आली पाहिजे. आणि ही तर चूकही नव्हती.

"मग खरं लिहू. नोटीस जाईल भागूबाईंना."

त्या पैशांचे पत्रे झाले होते, त्यांच्या घरावर. मी पाहून आले होते.

"अर्ज चौदा ऑक्टोबरनंतर दिला तर?"

"तर तो पगार तीन महिन्यांच्या बाहेर जातो. पण तोवर तुम्हाला संरक्षण नाही. आणि मधे कोणाला काही दिलंत तर पुन्हा हीच भानगड."

त्या दिवशी एकोणतीस ऑगस्ट होती. सत्तेचाळीस दिवस. मी पेनला टोपण लावलं.

तिसगावला पोचले तेव्हा फायनान्स कंपनीचा अंगद प्रयोगशाळेत बसला होता, बूट मातीच्या नमुन्याच्या पिशवीवर टेकवून.

"मॅडम, पाचशे तरी द्या. साहेब आईवरनं शिव्या देतो."

"कोणालाच काही देता येत नाही."

"मग घरी जातो. तुमच्या सासूबाईंनी मागल्या टायमाला चहा दिलता."

मोरीतून भागूबाई ओरडल्या, "आरं, पाय काढ! नमुना हाय त्यो, पायपुसनं न्हाई!"

तो गेल्यावर मी भागूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणाले. "पगार देता येणार नाही. थकला, तर कायदा आधी वीस रुपये देतो."

"दिसाला?"

"चार महिन्यांचे."

त्या हसल्या. "वीस रुपयात नगर न्हाई यायचं, आर्ध्या तिकिटात बी. कुनी लिवलं ह्ये?"

"शंभर वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबांनी."

"त्ये मेले आस्तील. आताच्यांना वाचता येत न्हाई का?"

उरलेले बीकर धुऊन त्यांनी पालथे ठेवले आणि पदराला हात पुसत निघाल्या. मी रजिस्टर उघडलं. नमुना ३११, पिशवीवर बूट, रद्द. सही केली.

फोन वाजला. सासूबाई होत्या. "तो माणूस आलाय गं परत. काय सांगू?"

"सांगा, चौदा ऑक्टोबरपर्यंत या घरातून कोणाला काही मिळणार नाही."

"चहासुद्धा?"

"चहा तर नाहीच."