मधला पायॉन

वीणा कॉलेजात शिकवायची : दोन प्रोटॉन जवळून जाताना एकाकडून पायॉन नावाचा छोटा कण निघतो, दुसरा तो गिळतो. दोघंही आतून ढवळतात, नवे कण फुटतात. मधला पायॉन मात्र कुठल्याच यंत्राला दिसत नाही.

पंडरी गावातल्या घरी तिचा नि नवरा प्रतापचा अबोला दोन वर्षांचा. निरोप सासरे बाबाराव पोचवायचे, दोन खोल्यांमधल्या खुर्चीत बसून.

रविवारी दुपारी ती करवादली, "बाबा, त्यायले सांगा, जेवण झाकून ठेवलं!"

पलीकडच्या खोलीच्या बंद दारामागून प्रताप खेकसला, "बाबा, तिले विचारा, जेवण झालं का नाही!"

शेवटी चिडून दोघंही बाहेर आले. बाबाराव खुर्चीतच गार पडले होते. सकाळपासून एकाही निरोपाला उत्तर नव्हतं, आणि दोघांनीही तो एकमेकांचा माज समजला होता.